उष्टी वायर

१

धम्मपाल बैसाणेच्या दुकानात परदेशी मशीन आलं की पहिलं काम ठरलेलं असे, पिन कापायची. जपानची चपट्या दोन पात्यांची, विलायतेची चौकोनी दांड्यांची, जर्मनीची गोल आणि जाडजूड. आपल्या भिंतीतल्या भोकांत यातली एकही धड बसत नाही. शौकीन मंडळी मुंबईहून कंटेनरमधले जुने अँप्लिफायर नि टेपडेक हौसेने उचलून आणतात, घरी येऊन खोकं उघडतात आणि पिन हातात धरून बोर्डासमोर खुळ्यासारखी उभी राहतात. कुणी उघड्या तारा भोकांत कोंबून वर आगपेटीच्या काड्या ठोकतो. कुणी फुटपाथवरची कन्व्हर्जन पिन घेतो, ती आठ दिवसांत वितळते. शेवटी सगळे धुळ्यात धम्मपालकडे येतात. तो कटरने पिन उडवायचा, वायरीचं टोक दातांत धरून झटका द्यायचा, सोललेलं प्लास्टिक थुंकून टाकायचा आणि आपली तीन दांड्यांची पिन बसवायचा. वीस वर्षं हेच चाललं होतं.

वायर सोलायचं हत्यार दुकानात होतं, पण ते धूळ खात पडलेलं. त्याची बायको शिल्पा तहसील कचेरीत कारकून, ती सकाळी निघता निघता त्याला वायर चावताना बघायची आणि दर खेपेला करवादायची, "कुणाकुणाच्या घरची घाण ती! तोंडात काय घालता?" तो हसायचा. "दात शाबूत आहेत तोवर हत्यार कशाला?"

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे एक भिंत. भिंतीच्या या अंगाला त्याचं टेबल आणि विजेचा बोर्ड, त्या अंगाला दुसरा बोर्ड आणि त्याखाली आईची खाट. पार्वताबाईने तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये काढली होती. मशीनच्या धडधडाटावर मात करायची सवय लागल्यामुळे ती घरातही गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची. जानेवारीत तिला अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचा बसली. डॉक्टर म्हणाले होते की सहा महिने वाट बघा, वाचा परत येऊ शकते. चार महिने झाले होते. रोज दुपारी धम्मपाल दूध-भाकरीचा काला करून तिला भरवायचा, ओल्या कापसाने तिचं तोंड पुसायचा आणि तिच्या ओठांकडे बघत बसायचा. त्याला दुसरं काहीही नको होतं. तिने एक सणसणीत शिवी जरी हासडली असती तरी त्याने गल्लीत पेढे वाटले असते.

२

मेच्या पहिल्या आठवड्यात जामनेरहून झुलाल सर आले. सर म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर, जुन्या तबकड्यांचे वेडे. रिक्षातून उतरवताना दोघांना घाम फुटला इतका जड जपानी अँप्लिफायर त्यांनी टेबलावर ठेवला. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, पुढे चांदीच्या रंगाची मोठी गोल बटणं.

"शंभर व्होल्टचा आहे रे धम्मपाल. थेट लावलास तर धूरच निघेल," सर म्हणाले. "आणि एक ऐक, पिन कापू नकोस. मूळ पिनेलाच मान असतो."

"नाही कापत, सर."

तीन दिवस त्याने शब्द पाळला. पण घरच्या विजेचे शंभर व्होल्ट करणारा त्याचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर इथल्याच कारागिराने गुंडाळून दिलेला, त्याला आपली गोल भोकं. कन्व्हर्जन पिन लावली तर ती ढिली. जरा हात लागला की ठिणगी उडायची आणि मशीन बंद. चौथ्या दिवशी, बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन आणि डोक्यावर गरम हवेचा पंखा, तेव्हा त्याचं टाळकं सटकलं. त्याने कटर उचलला आणि पिन उडवली. सरांना नंतर काहीतरी सांगता येईल, असं त्याने ठरवलं.

एक गोष्ट त्याला तेव्हाच खटकायला हवी होती. चाळीस वर्षांची वायर कडक होते, तिला चिरा पडतात. ही तपकिरी वायर मऊ होती. बोटांत दाबली की दबत होती आणि सोडली की सावकाश पुन्हा फुगत होती. पण हाताला सवय असली की डोकं कोण चालवतो? त्याने टोक दाढेत धरलं.

झटका द्यायच्या आधीच चव लागली. कोमट, खारट, जराशी आंबूस. कुणीतरी चावून चावून ताटात काढून ठेवलेला घास आपण उचलून तोंडात टाकावा, तशी. त्याने वायर फेकली, अंगणात जाऊन ओकारी काढली, तीनदा चूळ भरली, दोन लवंगा चावल्या. चव गेली नाही. जिभेच्या मुळाशी ती तशीच बसून राहिली.

लहानपणी ठेकेदाराच्या मुलीच्या लग्नात पंगती उठल्यावर कुणीतरी त्याच्या हातावर अर्धी जिलबी ठेवली होती. आईने भर मांडवात त्याच्या तोंडात बोट घालून ती बाहेर काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, "उपाशी ऱ्हायजो, पन कोन्हं उष्टं खाऊ नको!" ते त्याच्या हाडात मुरलं होतं. आणि आता कोण जाणे कुठल्या मुलखातलं, कुणाच्या तोंडचं उष्टं त्याच्या तोंडात होतं.

जुन्या प्लास्टिकमधून तेल सुटतं, हे त्याला ठाऊक होतं. तसंच काहीतरी असणार, म्हणून त्याने मनाची समजूत घातली. मग वीस वर्षांत पहिल्यांदा ते हत्यार शोधून उरलेली वायर सोलली. आतल्या तांब्याच्या तारा ओल्या होत्या. त्या त्याने फडक्याने पुसल्या आणि आपली पिन लावली.

३

मशीन चालू झालं. कुठलीच तबकडी, कुठलीच टेप जोडलेली नव्हती, फक्त एक स्पीकर. अशा वेळी बारीक घरघर येते किंवा काहीच येत नाही. इथे जे आलं ते ऐकून धम्मपालने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. टाळूला चिकटलेली जीभ सुटावी तसा आवाज. मग थोडी शांतता. मग कुणीतरी तोंडातल्या तोंडात थुंकी गोळा करून गिळावी तसा.

आतला एखादा कपॅसिटर गळत असेल तर स्पीकर असा फटफट करतो. कारागीर त्याला मोटारबोटिंग म्हणतात. धम्मपालने मोठ्याने म्हटलं, "मोटारबोटिंग." खोलीत कुणी नसताना आपण हे मोठ्याने का बोललो, ते त्याला कळलं नाही. त्याने तळवा स्पीकरच्या कागदासमोर धरला. तळव्यावर दमट, कोमट हवा आली.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "ध..."

तो आत धावला. पार्वताबाईचे डोळे टक्क उघडे होते, ओठ हलत होते. "धम्... धम्मा."

चार महिन्यांनी. तो खाटेच्या कडेला बसला आणि लहान पोरासारखा रडला. तिच्या गालावरून हात फिरवत तो "बोल आई, बोल" एवढंच म्हणत राहिला. "माले पा..." ती म्हणाली, आणि तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. ती गप्प झाली, ओठ अर्धे उघडे राहिले. त्याने पाणी पाजलं, हाका मारल्या, पण ती नुसती बघत राहिली. थकली असेल, असं त्याला वाटलं. तासाभराने लाईट आली, पंखा फिरला, आणि आई म्हणाली, "...नी दे."

४

पुढचे दहा-बारा दिवस त्या घरात सण होता. शिल्पाने कचेरीत पेढे वाटले. शिरपूरहून रत्नाने, म्हणजे धम्मपालच्या बहिणीने, फोनवर आईशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि सबंध वेळ ती हुंदके देत होती. शेजारच्या लताबाई रोज चारला येऊन बसायच्या. पार्वताबाई जिनिंगमधल्या बायकांच्या नकला करायची, मुकादमाला शिव्या द्यायची. आवाज तोच होता, खणखणीत, भिंतीवर आपटणारा. शिल्पा आईला व्यायाम शिकवायला येणाऱ्या पोरीला श्रेय द्यायची. धम्मपाल मान डोलवायचा. मशीन चालू ठेवायला त्याच्याकडे कारण तयार होतं, की दुरुस्तीनंतर मशीन तापवून बघावं लागतं.

पण तो कारागीर होता. कारागिराला एकदा संशय आला की तपासल्याशिवाय राहवत नाही. एका सकाळी शिल्पा गेल्यावर त्याने आईला बोलतं केलं, दुकानात आला आणि मशीनचं बटण बंद केलं. भिंतीपलीकडे वाक्य मध्येच तुटलं. बटण लावलं. वाक्य तुटल्या जागेपासून पुढे सुरू झालं. योगायोग असेल. पुन्हा बंद, पुन्हा चालू. कदाचित मशीनच्या बारीक घरघरीने तिच्या मेंदूला काही चालना मिळत असेल, अशा गोष्टी घडतात म्हणे. त्याने अकरा वेळा करून बघितलं. आपल्याच आईचं बटण आपण चालू-बंद करतोय, या विचाराने त्याला स्वतःची शिसारी आली. तरी त्याने बारावी खेप केली.

जिभेवरची चव एव्हाना सगळ्या खाण्यात उतरली होती. भरीत खाल्लं तरी ते कुणीतरी आधी चावलेलं वाटायचं. शिल्पाने प्रेमाने आपल्या ताटातला घास पुढे केला की तो तोंड फिरवायचा, आणि तिला ते दिसायचं.

५

मग मुंग्या लागल्या. लाल मुंग्यांची रांग आईच्या खाटेमागच्या बोर्डावर चढली आणि भोकांत शिरू लागली. विजेच्या बोर्डात मुंग्यांना काय मिळणार? धम्मपालने मेनस्विच पाडला आणि फडक्याने भोकं पुसली. फडकं मागे घेतलं तर भोकापासून फडक्यापर्यंत एक चिकट तार लोंबली, लवली आणि तुटली. त्याने फडकं नाकाशी नेलं आणि लगेच दूर केलं. नासलेल्या दुधाचा वास होता. फडक्यावर एक पांढरा, भिजून फुगलेला कण होता. त्याने तो नखाने चिरडून बघितला. भाकरीचाच होता.

दुकानात येऊन त्याने वायर पाहिली. ती फुगून अंगठ्याएवढी झाली होती.

भिंतीला ओल आली असेल. आई खाता खाता सांडते, उडतं, भोकात जातं. ही सगळी उत्तरं त्याने स्वतःला दिली, आणि एकही त्याला पटलं नाही. कारण दुसरीही गोष्ट तो रोज बघत होता आणि बघून न बघितल्यासारखं करत होता. आईची भूक वाढली होती. "आखो दे रे धम्मा, पोट भरनं नही," ती आणखी मागायची आणि तो पुन्हा काला करायचा. अर्धा लिटर दुधाचं दीड लिटर झालं, एका भाकरीच्या चार झाल्या. आणि सकाळी चादर बदलायला तो तिला उचलायचा तेव्हा ती आदल्या दिवसापेक्षा हलकी लागायची. गळ्याची हाडं वर आली होती, दंडाची कातडी लोंबत होती. चार भाकऱ्या खाऊन माणूस असा वाळतो का?

त्या दुपारी घास भरवताना त्याने पहिल्यांदा नीट बघितलं. आईचं तोंड गच्च भरलेलं होतं, ओठ मिटलेले, गाल फुगलेला. आणि तिचा आवाज स्पष्ट म्हणत होता, "चांगला शे काला. आखो दे." ओठ हलत होते ते घास चावण्यापुरते. बोलण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. इतके दिवस आपण सगळे आनंदाने इतके आंधळे झालो होतो, की कुणी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं.

त्याने चमचा खाली ठेवला. आईचे डोळे त्याच्याकडे लागले होते. त्या डोळ्यांत नकला करणारी, हसणारी बाई कुठेच नव्हती.

६

झुलाल सर त्याच दुपारी न कळवता आले. दुपारचे तीन वाजले होते. टेबलावर मशीन चालू होतं आणि त्याची पिन कापलेली सरांनी दारातूनच पाहिली.

"कापलीस ना शेवटी? सांगितलं होतं तुला. जाऊ दे, मी आज घेऊन जातो."

धम्मपालने ओठ ओले केले. "सर, अजून जरा... तपासणी चालू आहे."

"महिना होत आला की रे!"

तेवढ्यात आतून आवाज आला, "कोन, सर का? कवय उनात भाऊ? बसा ना, च्या लेवा!"

सरांचा राग तिथल्या तिथे विरला. "अरे, आक्का बोलायला लागल्या? आणि तू सांगत नाहीस?" ते चप्पल काढून आत गेले. धम्मपाल त्यांना अडवायला उठला, पण तो काय म्हणून अडवणार होता?

सर खाटेशी वाकले. "आक्का, ओळखलंत का?"

"व्वा, वळखाऊ नही का? तुमी जामनेरना," आवाज म्हणाला. पार्वताबाईच्या तोंडात मघाचा घास तसाच होता. ओठांच्या कोपऱ्यातून दूध गळत होतं. सरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग आवाज नेमका कुठून येतोय ते शोधत त्यांची नजर वर गेली, बोर्डाकडे. बोर्डाच्या वरच्या भोकातून एक जाड, दुधाळ थेंब फुगत फुगत बाहेर आला आणि आवाजाच्या तालावर थरथरला.

सरांनी रुमाल तोंडाला लावला. ते उलट्या पावलांनी दुकानात आले, चप्पल नीट न घालताच पायरी उतरले आणि अंगणात वाकून ओकले. धम्मपालने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. या घरातलं पाणीही त्यांना नको होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मशीन, सर..."

"राहू दे. तुझ्याकडेच राहू दे ते," सर त्याच्याकडे न बघता म्हणाले. "मला नको. पण आक्कांपाशी ठेवू नकोस रे. माणूस आहेस ना?"

७

सरांची रिक्षा वळल्यावर धम्मपालने पिन उपटली. भिंतीतून चोखल्यासारखा आवाज आला आणि बंद झाला. घर एकदम शांत झालं.

तो आत गेला. मोबाईलची बॅटरी लावली आणि आईची हनुवटी हलकेच खाली केली. आधी त्याने घास बोटाने बाहेर काढला. तो घास राहिलाच नव्हता, नुसता चघळून पिळून काढलेला चोथा होता. मग त्याला तिची जीभ दिसली. ती कोरडी पडून तडकली होती, पांढरट, एका बाजूला कलंडलेली. कित्येक दिवसांत ती हललीच नसावी. आणि तिच्या मागे, घसा सुरू होतो तिथे, दुसरं काहीतरी होतं. ओलं, गुलाबी, निमुळतं. ते तिच्या गालाच्या आतून भाकरीचा एक कण पुसून घेत होतं. उजेड पडला तसं ते थांबलं आणि अजिबात घाई न करता आत सरकलं.

पडजीभ, असं त्याने स्वतःला सांगितलं. पडजीभच असणार. पण पडजीभ गालापर्यंत पोचत नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने बाहेर जाऊन पुन्हा एकदा ओकारी काढली. या खेपेला पोटात काहीच नव्हतं.

तो परत आला तेव्हा आई झगडत होती. मान थरथरत होती, कपाळावर शीर उभी राहिली होती. तिची ती कोरडी जीभ मोठ्या कष्टाने दातांपर्यंत आली. घशातून फाटका, घोगरा, वाकडा आवाज निघाला, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पत्र्यासारखा.

"न... को."

डोळे बोर्डाकडे होते. मग त्याच्याकडे. मग पुन्हा बोर्डाकडे. हा आवाज तिचा होता. डॉक्टर म्हणाले होते तसा, पाचव्या महिन्यात, तिच्या स्वतःच्या तोंडातून आलेला पहिला शब्द. धम्मपालने तिचे हात धरले. "नाही आई. आता नाही लावत. कधीच नाही." त्याने तिचं तोंड कोमट पाण्याने तीनदा धुतलं, जिभेला तूप लावलं. ती दोन चमचे पेज प्यायली आणि ती तिने स्वतः गिळली. त्याने तिच्या गळ्याकडे बघून खात्री केली.

सहा वाजता शिल्पा आली. अंगणात अजून ऊन होतं. "आज आईंचा आवाज नाही आला गल्लीपर्यंत," तिने पर्स टाकता टाकताच म्हटलं. हातपाय धुऊन, ताट वाढून ती रोजच्यासारखी खाटेशी येऊन बसली. "आई, मी आले."

आईचे ओठ थरथरले. घोगरी हवा निघाली, शब्द काही झाला नाही.

"आई?" शिल्पाने ताट बाजूला ठेवलं. "अहो, हे काय? परत गेली का यांची वाचा? सकाळी तर मला हाका मारत होत्या." तिचा चेहरा वेडावाकडा झाला. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून सासूने तिला लेकीसारखं वागवलं होतं, आणि तिची स्वतःची आई तिच्या लहानपणीच गेलेली. "काहीतरी करा ना हो. डॉक्टरांना फोन करा. काहीतरी करा!"

धम्मपालला सांगायचं होतं. आई आज खरं बोलली, एकच शब्द, पण तिचा. तो सगळ्या वाचेपेक्षा मोठा आहे. आता महिनोन् महिने असे एकेक शब्द येतील, कदाचित येणारही नाहीत. त्याने सांगायला तोंड उघडलं. आणि त्याला कळलं की त्यालाही तो दुसराच आवाज हवाय. खणखणीत, हसरा, जिनिंगमधल्या बायकांच्या नकला करणारा. तो आवाज खोटा होता, घाणेरडा होता, त्याची आई खाऊन जगत होता, आणि तरी त्या शांततेत धम्मपालचे कान त्याच्यासाठी तडफडत होते. आपल्याइतकं ओंगळ माणूस या गल्लीत दुसरं नसेल, असं त्याला स्वच्छ वाटलं.

तो दुकानात गेला. पिन हाताला गरम आणि ओली लागली. त्याने ती लावली आणि बटण दाबलं.

"उनी का व शिल्पा?" भिंतीपलीकडून आवाज आला, मोठा, प्रेमळ. "जेवनी का माय?"

शिल्पा रडता रडता हसली. धम्मपाल दारात येऊन उभा राहिला. शिल्पाचं लक्ष ताटाकडे होतं, ती भाकरी कुस्करत होती. पार्वताबाई त्याच्याकडे बघत होती. तिचा डावा हात चादरीवरून चार बोटं वर उचलला गेला, तिथे क्षणभर राहिला आणि खाली पडला. डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं.

"आखो दे व," आवाज म्हणाला.

"देते, आई, देते," शिल्पा म्हणाली. "अहो, दूध संपलंय बघा."

आणि धम्मपाल दूध आणायला गेला.